ज्योतीरामाचं बोट

सयाजी मिस्त्रीने काळ्या अमेरिकन गाडीचं बॉनेट उघडलं, आणि इंजिनाकडे बघण्याआधी तिच्या ड्रायव्हरच्या बोटाकडे बघून घेतलं.

उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. साधंच होतं. नखात थोडा मळ होता. गेली दोन वर्षं हे बोट रोज संध्याकाळी पाच वाजता चिंचवडच्या मुंबई रस्त्याने, सयाजीच्या पत्र्याच्या शेडसमोरून जात होतं. बोटामागून ज्योतीराम जायचा, आणि ज्योतीरामाबरोबर दोन टनांची गाडी. स्टिअरिंगवर तेवढं एक बोट, तोंडावर हसू. उंबऱ्यात जोंधळे पाखडणारी सयाजीची बायको मंजुळाबाई सूप थांबवून म्हणायची, "हात असावा तर असा." सयाजीकडे न बघता म्हणायची. तेच जास्त लागायचं.

सयाजीने एकदा दिघीच्या रस्त्याला गिऱ्हाइकाचा ट्रक एका बोटाने वळवून पाहिला होता. ट्रक एरंडाच्या शेतात गेला आणि बोट सहा आठवडे कामट्यांत बांधलेलं राहिलं. मंजुळाबाईने शेक दिला. कौतुक केलं नाही.

आज ती गाडी आपल्या पायाने त्याच्याकडे आली होती. मालक दौलतराव, पिंपरीत लाकडाची वखार. सत्तावन्न साली खडकीच्या एका साहेबाकडून त्यांनी ती जुनी घेतली. दोनदा स्वतः चालवायला बसले, दोनदा स्टिअरिंग जागचं हललं नाही. तेव्हा हे कसब ज्योतीरामाच्या बोटातच आहे असं ठरलं. पण परवा मुंबईत कोणी तरी त्यांना सांगितलं, की ही गाडी तेलाच्या जोरावर वळते. पंपापासून जाणाऱ्या दोन रबरी नळ्या धड असल्या तर शेंबडं पोरही वळवील. दौलतरावांनी तिथूनच दोन नव्या नळ्या आणल्या. आज संध्याकाळी ते गाडी स्वतः घरी नेणार होते.

सयाजी आत वाकला. जुन्या नळ्या वाळल्या गवारीसारख्या तडकल्या होत्या. तेलाच्या टाकीत तेल नव्हतं, कोळी होता. त्याचा संसार निदान दोन वर्षांचा दिसत होता. सयाजीने इंजिन सुरू करून स्टिअरिंगला बोट लावलं. मग दोन्ही हात लावले. शेवटी गुडघा लावला तेव्हा चाकं वीतभर वळली. आणि मग त्याला दिसलं. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूचा, खिडकीतून कोणाला दिसणार नाही तिथला रंग डाव्या पंजाने आवळून आवळून पार उडाला होता.

ज्योतीराम जवळ सरकला. त्याच्या डाव्या खांद्याला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. बायको रोज खांदा चोळते, पण आजवर कोणाला बोलली नाही, म्हणाला. गाडी हलकी झाली तर मालकांना ड्रायव्हर कशाला लागतोय, म्हणाला. आणि मग मान खाली घालून म्हणाला, "मिस्त्री, एवढ्या नळ्या बदलू नका."

सयाजीला इतकं बरं दिवाळीतही वाटलं नव्हतं. काम कामासारखं करावं लागतं, असं त्याने तोंड गंभीर ठेवून सांगितलं. नळ्या बदलल्या, क्लिपा आवळल्या. जन्मात एवढं प्रामाणिक काम त्याच्या हातून झालं नव्हतं. कोळीसुद्धा अलगद उचलून बाहेर सोडला. ज्योतीराम बाभळीखाली बसून आपल्याच बोटाकडे बघत होता. आता फक्त तेल ओतायचं राहिलं होतं. सयाजीने डबा उचलला.

तेवढ्यात टांग्यातून दौलतराव उतरले आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसले. कोपर खिडकीत, एक बोट स्टिअरिंगवर.

मंजुळाबाईचं सूप थांबलं. "अगंबाई," ती म्हणाली, "मालक पण एका बोटानं?"

सयाजीने तिच्याकडे पाहिलं. तीच नजर. शिवाय दौलतरावांच्या त्या बोटात पुष्कराजाची अंगठी होती, ती उन्हात चमकत होती. सयाजीने डबा खाली ठेवला आणि बॉनेट लावून टाकलं.

जुना माल मालकाच्या हातात दिला की काम झालं, हा त्या रस्त्यावरच्या मिस्त्र्यांचा कायदा. सयाजीने तडकलेल्या नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दौलतरावांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी एक वाकवून पाहिली, ती मोडली, त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि बोट लावलं. मग दोन्ही हात. मग त्यांची टोपी मागे सरकली.

"नळ्या नव्या घातल्यात, मालक," सयाजी म्हणाला. "बोट मात्र जुनंच लागेल."

दौलतरावांनी मोडक्या नळीकडे पाहिलं. पुरावा मांडीवरच होता. ते उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

ज्योतीरामाचे डोळे भरून आले होते. दार उघडता उघडता तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमचे हे उपकार..."

"उपकार कसले," सयाजी म्हणाला. "तुझ्यावर जळायची सवय झालीय रे मला. आता या वयात मालकांवर कुठं नव्यानं जळत बसू?"