खिडकीवरचा स्पंज

साहेबाच्या अमलातली ती दगडी इमारत आधी डाकेच्या घोड्यांचा तबेला होती, मग तारघर, शेवटी पोस्ट. तिथल्या तिकिटांच्या खिडकीवर माझ्या बाबांची हयात गेली. तिकिटाला कुणी जीभ लावलेली त्यांना खपायची नाही. लगेच ओल्या स्पंजची बशी पुढे सरकवायचे. ते वारले, पाठोपाठ पोस्टही नव्या जागेत गेलं.

इमारत पाडायच्या आदल्या दुपारी मी ती खिडकी बघायला गेले.

"आटपा, ताई," पहारेकरी म्हणाला. "आत धुळीशिवाय काय उरलंय?"

बशी होती. स्पंज ओलाचिंब होता.

"नळ तर कधीच तोडलाय," तो पुटपुटला.

स्पंजवर अंगठ्याचा खळगा होता. आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून आला.

"बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

खळगा पुन्हा पडला, आधीपेक्षा खोल.