अक्रोडाखालचा बारविनोक

“बारविनोक सोडून काय वाट्टेल ते लाव,” झोरियानाने आईला, तेक्लाला, बजावलं.

अक्रोडाखालच्या त्या पट्ट्याचं काहीतरी करायला हवं, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. घराची उत्तरेची बाजू, त्यात एवढं मोठं झाड. तिन्ही त्रिकाळ सावली. तिथे झेंडू कुजले, पुदिना रुसला, गवतानेही पाठ फिरवली. आता जमिनीलगत पसरणारी एखादी वेलच काय ती तग धरणार होती.

“मग आयव्ही आण,” झोरियाना म्हणाली. “सावलीत मजेत वाढते.”

“घराशी आयव्ही लावली की घरात बाप्या माणूस टिकत नाही.” तेक्लाने हात झटकले.

“आपल्या घरात बाप्या माणूस आहे कुठे?”

“म्हणूनच तर. येणारा असेल त्याला कशाला पळवायचा?”

झोरियानाने कपाळाला हात लावला. वय चौतीस. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तशी ती शहर सोडून आईजवळ आली आणि गावच्या शाळेत गाणं शिकवू लागली. आणि गावाला दुसरं कामच नव्हतं, हिचं लग्न कधी. बारविनोक लावायचा म्हणजे कुंपणावर पाटी ठोकण्यासारखंच होतं. हिवाळ्यातही हिरवी राहणारी ती निळ्या फुलांची वेल. नवरीचा मुकुट तिच्याच पानांचा गुंफतात. ज्या अंगणात बारविनोक, त्या घरात लग्नाची नवरी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लग्नाचं जाऊ दे, तिला खरा घोर वेगळाच होता. ऑगस्टात ल्वीवच्या संगीत शाळेचं पत्र आलं होतं. जागा रिकामी आहे, एक नोव्हेंबरला हजर व्हा. आयुष्यभर तिने याच नोकरीची वाट पाहिली होती. पत्र तिने तीनदा वाचलं, घडी केली आणि देवाच्या तसबिरीमागे खुपसून ठेवलं. आईला एकटं टाकून जायचं कसं? मन धजत नव्हतं. आईला यातलं काही सांगायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

देशात रिव्निया या नव्या चलनाच्या नोटा आल्या तो सप्टेंबर. एका शनिवारी ती शाळेतून आली आणि बघते तर काय, अक्रोडाखाली ओळीने बारविनोक. माती अजून ओली होती.

“आई, मी काय सांगितलं होतं?”

“बाजारात दुसरं धड काही नव्हतंच,” तेक्ला शांतपणे म्हणाली. “एक होती खुरासारख्या पानांची, पण तिला गोगलगायी लागतात.”

“गोगलगायी परवडल्या. आता मागण्या येतील.”

“आल्या तर बिघडलं काय? तुझे बाबा मला मागायला आले ना, तेव्हा चुलीशी उभं राहून मी नखाने एवढा चुना खरवडला, की माझ्या आईला अख्खी चूल पुन्हा रंगवावी लागली. होकार तोंडाने थोडाच द्यायचा असतो? चुना खरवडला की समजायचं.” तेक्ला स्वतःशीच हसली.

झोरियानाला मुळीच हसू आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे पानासकाका कुंपणाशी हजर. मधमाश्या पाळणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला भला माणूस. टोपी हातात घेऊन ते बराच वेळ अक्रोडाखाली बघत राहिले.

“बारविनोक लावलात?”

“आईने लावला,” झोरियाना फणकारली.

“असं का,” काका म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

झोरियाना काय ते समजली. काकांचा एक भाचा होता, जिल्ह्याच्या गावी, ढेरपोट्या आणि बिनलग्नाचा. तिने तडक मागच्या मळ्यातला सगळ्यात मोठा भोपळा तोडला आणि दाराआड आणून ठेवला. मागणी घालायला आलेल्याच्या हातात भोपळा दिला की पुढे बोलणं उरत नाही.

ऑक्टोबरातला पोक्रोवाचा सण झाला, लग्नांचा हंगाम लागला. रविवारी दुपारी दार वाजलं. पानासकाका, अंगात कोट. बरोबर शिष्टाईला गावचा पोस्टमन. काकांच्या हातात भरतकामाच्या पंच्यात गुंडाळलेली पाव-रोटी.

झोरियानाने त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. भोपळा उचलून पुढे केला. “भाच्याला द्या. माझा नमस्कार सांगा.”

“भाच्याचं गेल्या महिन्यात लग्न झालं, पोरी.” काकांनी घाम पुसला. “मी तुझ्या आईला मागायला आलोय. घरच्या माणसाला विचारायची रीत आहे, आणि या घरात तूच एक.”

झोरियाना भोपळ्यासकट जागच्या जागी थिजली.

“दोन वर्षं विचारतोय,” काका चाचरत म्हणाले. “ती म्हणायची, आत्ता नाही, पोरगी एकटी पडेल. माझ्या अंगणात बारविनोक दिसला, की मग ये.”

झोरियाना मागे वळली. साठीची तेक्ला चुलीशी पाठमोरी उभी होती आणि नखाने चुना खरवडत होती.

“आई, मला वाटलं ती वेल...”

“तुझ्यासाठी लावली, असं मी कधी म्हटलं?” तेक्लाने मान वळवली नाही, पण आवाज ओला झाला होता. “ठेव तो भोपळा खाली, पाहुण्यांना आत घे. आणि उद्यापासून ल्वीवची बॅग भरायला लाग. तसबिरीमागची धूळ या घरात मीच पुसते.”