अर्धा आटा

“पोरीच्या जातीनं पाना धरायचा न्हाय,” म्हणून आण्णांनी लेकीशी बोलणंच टाकलं होतं. संयोगितानं तरीही राजारामपुरीत गॅरेज थाटलं. आज तेच आण्णा आपली जुनी मोटारसायकल ढकलत दारात उभे!

“तेल गळतंय,” भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले.

“बसा. चहा येईस्तोवर हुतंय.”

ती वाकली. इंजिनखालच्या बोल्टवर पान्याची ताजी खूण होती. एसटीच्या वर्कशॉपात मेस्त्री म्हणून उभी हयात काढलेल्या आण्णांनीच बोल्ट स्वतःच्या हातानं ढिला केला होता. गालातल्या गालात हसत तिनं तो आवळला, पण अर्धा आटा मुद्दाम सोडला.

“सोमवारी परत दाखवायला आणा.”

आण्णांनी वाकून बोल्ट चाचपला. बोटाला तेल लागलं. ते त्यांनी गुपचूप धोतराला पुसलं.

“आणतो की,” ते म्हणाले. “काम एक नंबर केलंस.”