बारावं नाव

साडेपाचला हाताखालचे अकराही जण घरी गेले, तरी दाभोळेसाहेबांचे गुडघे ठणकतच होते.

कायदा आल्यापासून आठ तासांपुढचा थकवा राबणाऱ्याच्या अंगात राहत नसे. मनगटावरच्या पट्टीतून तो थेट त्याच्या साहेबाच्या अंगात उतरे. म्हणून दाभोळे रोज साडेपाचच्या ठोक्याला सगळ्यांना घरी पिटाळत. स्वतः मात्र खुर्चीतच पडून राहत, कारण महिनाभर त्यांना उठायचंच त्राण नव्हतं. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

आज रात्री आठला वैतागून त्यांनी पट्ट्यांची यादी उघडली. अकरा नावं विझली होती. बारावं अजून चालू होतं : रुक्मिणी ढवळे, तेरावा तास.

गेल्या महिन्यात कंत्राटी माणसंही कायद्यात आली होती. त्या कागदावर दाभोळ्यांनी न वाचताच सही ठोकली होती.

तेवढ्यात कप उचलायला मावशी आल्या.

“मावशी, या रुक्मिणी ढवळे कोण?”

“मीच की, साहेब.”

“तुम्ही? मग घरी का जात नाही?”

“तुम्ही बसलेले असताना कशी जाऊ? साहेब उठल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंय.”

“पाय दुखत नाहीत तुमचे?”

“आधी फार दुखायचे. महिनाभर बरं वाटतंय बघा.”

दाभोळ्यांनी टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघे हललेच नाहीत. ते पुन्हा खुर्चीत कोसळले.

“बसा साहेब, सावकाश उठा,” मावशी मायेनं म्हणाल्या. “मी थांबते.”