समोरचा उंट

बँडचं नावही ज्ञानदाला धड ठाऊक नव्हतं, तरी ती अनुश्रीचा हात धरून घसा फुटेस्तोवर गात होती. अख्ख्या जयपूरची कॉलेजं त्या मैदानात लोटली होती आणि नेमका हिच्याच पुढ्यात एक ताडमाड पोरगा उभा.

"हा उंट जैसलमेर सोडून इथे कशाला आला गं?" ती खुशाल ओरडली. या गर्दीत मराठी कळणाऱ्या त्या दोघी मैत्रिणीच तर होत्या!

"उद्या तुला बघायला येतायत ना?" ढोलाच्या वर आवाज चढवत अनुश्रीने विचारलं.

"येऊ दे की! पोहे खाऊ घालायचे, गोड हसायचं आणि संध्याकाळी बाबांकरवी नकार कळवायचा. मी तर फोटोसुद्धा बघितला नाहीये!"

दोघी खिदळल्या. तेवढ्यात उंट आपणहून बाजूला सरकला आणि अख्खं स्टेज दिसायला लागलं. मग काय, दोघींनी उड्याच मारल्या.

दुसऱ्या दिवशी जयपुरातल्या सोडाला भागातल्या तिच्या घरी पाहुणा दाराच्या चौकटीतून वाकून आत आला, आणि कालचा उंट ओळखून ज्ञानदाने हातातल्या बशा पटकन टेबलावर ठेवल्या.



"मला पोहे नकोत, काकू," तो तिच्या आईला म्हणाला. "तुमच्याकडे पोहे खाल्ले की नकार येतो, असं ऐकलंय."