मुकी कात्री

ह्येरानने स्वयंपाकाची आणखी एक कात्री कानाशी धरली आणि हळूच मिटली. कच्. तिने ती परत ठेवली.

दुकानातली मावशी केव्हाची बघत होती. "कात्री मांस कापते पोरी, गाणं म्हणत नाही," ती म्हणाली. "कानाला काय लावतेस?"

"आवाज न करणारी हवी आहे."

"कुणाचा काटा काढायचाय? नवऱ्याचा असेल तर सांग, जरा जास्त धारेची देते."

ह्येरानला हसू आलं नाही. तिने पुढची कात्री उचलून कानाशी नेली.

आज बाबांचा वाढदिवस होता आणि त्यांनी शेवया मागितल्या होत्या. उत्तरेतल्या हामहुंग गावच्या थंड शेवया. केसासारख्या बारीक, रबरासारख्या चिवट. दाताने तुटत नाहीत. एक टोक घशाखाली उतरतं तेव्हा दुसरं अजून वाडग्यातच असतं. इथे दक्षिणेत, सोकचो गावच्या खाणावळीत, या शेवयांबरोबर कात्री येतेच. वाढणारी बाई विचारते, कापू का, आणि गिऱ्हाईक मान हलवतं. बाबांनी ती कधी हलवली नाही. लढाईत आईच्या पाठीवर बसून ते उत्तरेतून आले, आणि तिकडच्या जुन्या माणसांसारखंच मानायचे, की जितकी लांब शेवई तितकं लांब आयुष्य. एकदा एका नव्या पोरीने न विचारता कात्री पुढे केली, तर बाबांनी वाडग्यावर पंजा ठेवला. "माझ्या आयुष्याला कात्री लावतेस का गं?" आणि न जेवता उठले.

ते पक्षाघाताच्या आधीचं. आता त्यांची उजवी बाजू लुळी होती. गिळताना श्वासनळीवरचं झाकण वेळेवर मिटत नव्हतं. घास नखापेक्षा मोठा नको, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि वजन आणखी घटलं तर नाकातून नळी. थंडीत एकदा मुळ्याचा एक तुकडा अडकला होता. ह्येरानने पाठीत धपाटे घालून तो काढला, पण बाबांच्या ओठांवर चढलेला निळा रंग तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तेव्हापासून ती सगळंच कातरायची. मांस, आंबवलेल्या कोबीची किमची, पालकाची देठंसुद्धा. जुनी कात्री खिळखिळी झाली होती, तिची कचकच घरभर ऐकू जायची. सरकत्या दाराआड बसलेल्या बाबांचे कान अजून तिखट होते.

शेवया कापल्या आणि त्यांनी ऐकलं, तर ते वाडगा ढकलतील. आज वाडगा ढकलतील, उद्या ताट. मग नळी. न कापाव्यात तर तो निळा रंग.

"ही बघ," मावशी म्हणाली. तिने एक कात्री मिटून दिव्यासमोर धरली. दोन पात्यांमधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. पाती फक्त टोकाशी भेटत होती. "पाती सपाट असली की अंगभर घासतात, मग ओरडतात. ही जराशी वाकलेली आहेत. कापताना एका वेळी एकाच जागी भेटतात." तिने बोट लावून दाखवलं. एका पात्याला बारीक दाते होते, बुळबुळीत शेवई निसटू नये म्हणून. मुठींमध्ये रबराचा ठिपका होता, मिटताना त्या एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून. पूर्ण फाकवली की कात्रीची दोन पाती सुटी व्हायची, खिळ्यापाशी खरकटं राहायला नको.

मावशीने कागदी रुमाल पाण्यात बुडवून पुढे केला. बोथट कात्री ओला कागद चुरगाळते, कापत नाही. ही टोकापर्यंत सरळ गेली. ह्येरान कान देऊन उभी होती. तिला काहीच ऐकू आलं नाही.

घरी तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. शेवया कातरल्या, परत कातरल्या, एकेक तुकडा नखाशी लावून पाहिला. मग वाडग्यात त्यांची अशी गोल गुंडाळी रचली, की वरून अखंडच वाटावी. बर्फाचं पाणी कडेने सोडलं. नाशपातीचा कीस वर ठेवला.

बाबा बैठ्या मेजाशी वाट बघत होते. तिने वाडगा ठेवला. त्यांनी डाव्या हातात जेवणाच्या काड्या घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या. वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कापल्या नाहीस ना?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तुम्हाला चालत नाही ते. माहीत आहे मला."

बाबांनी मान हलवली. काड्यांनी थोड्या शेवया उचलल्या. त्या तोंडापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. बाबांचे डोळे गच्च मिटलेले होते, विहिरीत उडी टाकायला उभ्या केलेल्या पोरासारखे. काड्यांची टोकं एकमेकांवर टकटक आपटू लागली. शेवया परत वाडग्यात पडल्या.

"बाबा, काय झालं? दुखतंय का कुठे?"

त्यांनी काड्या खाली ठेवल्या आणि त्या हाताने तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

"रोज तिकडे कात्री वाजते," बाबा म्हणाले, "तेव्हा इथे मला गिळायचा धीर येतो. आज वाजलीच नाही गं."