वीस सेकंद

“शटर बराच वेळ उघडं ठेवलं, तर स्थिर माणसं स्पष्ट येतात आणि हलणारी पुसली जातात,” क्लासमध्ये सरांनी सांगितलं. निवृत्तीनंतर कॅमेरा शिकणाऱ्या मोघ्यांनी संध्याकाळी घरीच प्रयोग केला. कॅमेरा स्टँडवर लावला, शटर वीस सेकंद उघडं ठेवलं.

सोफ्यावर बसलेले मोघे आणि मुलगा झकास आले.

“अहो, यात मी कुठाय?” बायकोने विचारलं.

“तू चहा देत फिरत होतीस, म्हणून पुसली गेलीस,” सरांच्याच थाटात मोघे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, शटर उघडलं आणि स्वतः चहा द्यायला लागले.

या फोटोत मोघे कुठेच नव्हते. ती मात्र स्पष्ट आली होती: खुर्चीच्या कडेवर टेकलेली, मान स्वयंपाकघराकडे.